पिवळ्या रेषेच्या अलीकडे: लहान विमानाच्या वैमानिकाने धावपट्टीवरची टक्कर कशी टाळावी

गोव्यातून वैमानिक व्हायला निघालेली मुले-मुली बहुधा चोर्ला घाट चढून बेळगावला जातात, नाहीतर त्याहून पुढे बारामतीला, गोंदियाला. तिथे सेसना १५२ किंवा १७२ वर तास भरतात. पहिले वीस-पंचवीस तास सगळा जीव विमान नीट टेकवण्यात अडकलेला असतो. धावपट्टीवर आपल्याखेरीज दुसरे कोणी असू शकते ही गोष्ट तोंडी परीक्षेपुरती पाठ होते आणि तिथेच राहते. लहान विमानांच्या टकरी मात्र दाट ढगांत क्वचितच होतात. त्या होतात विमानतळाच्या अंगणात, म्हणजे सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीची ठरलेली चौकोनी फेरी), फायनलवर (उतरण्याआधीचा शेवटचा सरळ टप्पा) आणि धावपट्टीवर, आणि बहुतेक वेळा लख्ख उजेडात.

अशा जवळजवळ प्रत्येक टकरीत दोघांपैकी एकाने तरी मनाशी ठरवून टाकलेले असते की धावपट्टी मोकळी आहे. कधी अर्धवट ऐकून, कधी रोज मोकळी असते म्हणून. म्हणून चाक रेषेपलीकडे जाण्याआधी तीन वेगळ्या वाटांनी खात्री करायची: मांडीवरच्या पॅडवर काय लिहिले आहे, कानांनी काय ऐकले, आणि डोळ्यांना काय दिसते. तिन्ही जुळले तर पुढे. एक जरी जुळले नाही तर ब्रेक दाबून विचारायचे. विचारल्याबद्दल कोणी लायसन्स काढून घेत नाही.

आधी ती रेषा ओळखा

टॅक्सीवेवरून, म्हणजे विमान जमिनीवर चालवत (टॅक्सी करत) न्यायच्या रस्त्यावरून, धावपट्टीकडे जाताना आडव्या चार पिवळ्या रेषा लागतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा तुमच्या बाजूला असतील तर थांबायचे, परवानगीशिवाय ओलांडायचे नाही. तुटक रेषा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर येत आहात. थांबू नका, ओलांडून या. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या आकड्यांत धावपट्टीचा नंबर असतो, गोव्याच्या दाबोळी विमानतळाला ०८-२६. लाल पाटी म्हणजे हुकूम. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता कुठे आहात, आणि पिवळ्या पाटीवर काळे अक्षर म्हणजे कोणता रस्ता कुठे जातो. मोठ्या विमानतळावर रेषेच्या दोन्ही टोकांना आलटून पालटून मिचकावणारे पिवळे दिवे असतात. काही ठिकाणी रेषेवरच लाल दिव्यांची ओळ असते, तिला स्टॉप बार म्हणतात. स्टॉप बार पेटलेला असताना टॉवरने पुढे या म्हटले तरी जायचे नाही. आधी दिवा विझवून मागायचा.

आयएलएस (रेडिओ लहरींनी उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा) असलेल्या मोठ्या धावपट्टीला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही रेषा मध्यरेषेपासून निदान ९० मीटरवर हवी. लहान, केवळ डोळ्यांनी उतरण्याच्या धावपट्टीला तेच अंतर ३० ते ४० मीटर असते. छोट्या पट्टीवर शिकलेल्याची इथे फसगत होते. रेषा लागते तेव्हा धावपट्टी त्याला अजून खूप लांब वाटते, 'ही ती रेषा नसेल' असे वाटून तो सरकत राहतो. १५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) टॅक्सी करणारे विमान ते ९० मीटर साधारण १२ सेकंदांत संपवते. तेवढ्या वेळात तुम्ही एखादी फ्रिक्वेन्सी बदलता आणि मान वर करता, बस्स.

पावसाळ्यात ओल्या डांबरावर, त्यातही रात्री समोरच्या दिव्यांचे प्रतिबिंब पडले की पिवळा रंग दिसेनासा होतो. तेव्हा जमिनीवरच्या रंगाच्या भरवशावर न राहता पाटी आणि मिचकावणारे दिवे शोधा. टॅक्सीवेच्या मध्यरेषेचे दिवे हिरवे, कडेचे निळे, धावपट्टीच्या कडेचे पांढरे. समोर दोन्ही बाजूंना निळेच दिसत असतील तर तुम्ही टॅक्सीवेवर आहात, पट्टा कितीही रुंद वाटो.

ही चूक नवशिक्याचीच असते असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्याच मोपा विमानतळावर एका प्रवासी विमानाने धावपट्टी समजून समांतर टॅक्सीवेवरच उड्डाणासाठी वेग घ्यायला सुरुवात केली होती, टॉवरने थांबवले. त्यावर उपाय दोन सेकंदांचा आहे. थ्रॉटल (इंजिनची ताकद वाढवणारा दांडा) पुढे करण्याआधी धावपट्टीवर रंगवलेला नंबर वाचा आणि हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारे यंत्र) त्याच्याशी जुळवा. ०८ वर असाल तर सुई ८० अंशांच्या आसपास हवी, २६ वर २६० च्या. पण समांतर टॅक्सीवेवरही सुई तेच दाखवते, म्हणून नुसती सुई पुरेशी नाही. रंगवलेला नंबर, पांढरे कडेचे दिवे आणि सुई, तिन्ही एकत्र बघायचे.

इंजिन सुरू करण्याआधीची पाच मिनिटे

विमानतळाचा नकाशा छापून घ्या आणि त्यावर पेन्सिलीने आपला टॅक्सीचा रस्ता काढा. नकाशावर 'हॉट स्पॉट' असा वर्तुळ केलेला भाग असेल तर तिथे आधी गोंधळ झालेला आहे असे समजा. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वाचा. कोणता टॅक्सीवे बंद, कोणते दिवे बंद, धावपट्टीची कोणती बाजू कामासाठी अडवली आहे. दिवे बंद असल्याची नोंद क्षुल्लक वाटते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे डॅश-८ धावपट्टीत शिरून थांबले आणि उतरणारे एअरबस ३५० त्याच्यावर येऊन आदळले. त्या प्रवेशावरचा स्टॉप बार त्या दिवसांत दुरुस्तीसाठी बंदच होता. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले, एअरबसमधले ३७९ जण वाचले.

दाबोळीला उतरणार असाल तर तो तळ नौदलाचा, आयएनएस हंसाचा आहे हे लक्षात ठेवून तयारी करा. सकाळी लढाऊ विमानांचा सराव असतो आणि नागरी वाहतुकीला वेळा आखून दिलेल्या असतात. परवानगीच्या अटी अक्षरशः वाचा. लढाऊ विमानांची सर्किटची रीत सेसनासारखी नसते. ती वेगाने थेट धावपट्टीच्या डोक्यावर येऊन तिथूनच वळण घेऊ शकतात, त्यामुळे ती कुठून येतील याचा तुमचा अंदाज चुकेल. शंका आली तर टॉवरला विचारा, 'ते विमान कुठे आहे?'

टॅक्सी सुरू होण्याआधी कॉकपिटमधली कामे आटोपून घ्या. जीपीएसमध्ये मार्ग भरणे, आयपॅडवर नकाशा सरकवणे, चेकलिस्ट वाचणे, हे सगळे चाके थांबलेली असताना करायचे. टॅक्सीत डोळे बाहेर. शेजारी बसलेल्याला सांगून ठेवा की रेषा दिसली की मोठ्याने म्हण, 'रेषा'.

रेडिओ

सगळ्यात जास्त माणसे इथे फसतात, म्हणून इथे थोडे थांबू.

टॉवरकडून आलेली आज्ञा परत वाचून दाखवायची असते, तिला रीडबॅक म्हणतात. धावपट्टीत शिरणे, तिच्यावर थांबणे, ती ओलांडणे, तिच्यावरून उलट जाणे, उतरणे, उडणे आणि 'होल्ड शॉर्ट' (रेषेअलीकडेच थांबा), या सगळ्यांचा रीडबॅक धावपट्टीच्या नंबरासह आणि स्वतःच्या कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासह, झाला पाहिजे. 'होल्ड शॉर्ट रनवे टू सिक्स' याचे उत्तर 'रॉजर' नाही. उत्तर आहे 'होल्डिंग शॉर्ट रनवे टू सिक्स' आणि पुढे आपला कॉलसाइन.

नंबर का म्हणायचा? २२ नोव्हेंबर १९९४ ला अमेरिकेत सेंट लुईसला एका सेसना ४४१ ला धावपट्टी ३१ वर जाऊन थांबायला सांगितले होते. वैमानिकाने नुसता कॉलसाइन म्हणून होकार दिला, नंबर म्हटला नाही, आणि तो ३० उजवीवर (३० नंबरच्या समांतर धावपट्ट्यांपैकी उजवी) जाऊन थांबला. थोड्या वेळापूर्वी तो तिथेच उतरला होता. त्याच धावपट्टीवरून वेग घेणारे एमडी-८२ त्याच्यावर आले. सेसनातले दोघे ठार झाले. त्याने 'थ्री वन' एवढे दोन शब्द उच्चारले असते तर स्वतःच्याच कानांनी स्वतःला पकडले असते.

आता शब्दांचे. 'टेक-ऑफ' हा शब्द टॉवर उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतो. एरवी सगळे 'डिपार्चर'. ही शिस्त १९७७ च्या तेनेरीफच्या टकरीनंतर आली. तिथे दोन बोईंग ७४७ धुक्यात एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. तुम्हीही तसेच बोला: 'रेडी फॉर डिपार्चर'. 'लाइन अप अँड वेट' म्हणजे धावपट्टीत जा आणि उभे राहा. उडायची परवानगी अजून नाही. 'नंबर वन' म्हणजे रांगेत तुम्ही पहिले, एवढेच. पहिला नंबर लागला म्हणून फेरीबोटीवर गाडी घालता येत नाही, फाटक उघडावे लागते. हानेदाला तटरक्षक विमानाला 'नंबर वन' सांगून होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे थांबायच्या रेषेपर्यंत, यायला म्हटले होते. कॅप्टनच्या मनात ती आत शिरायची परवानगी झाली. ते विमान धावपट्टीवर साधारण ४० सेकंद उभे होते.

'बिहाइंड द लँडिंग एटीआर, लाइन अप बिहाइंड' (उतरणाऱ्या एटीआर विमानाच्या मागोमाग धावपट्टीत या) अशी सशर्त परवानगी आली तर आधी ते एटीआर डोळ्यांनी दाखवता आले पाहिजे. 'बिहाइंड' हा शब्द वाक्यात दोनदा येतो तो मुद्दाम. मागोमाग दोन विमाने उतरत असतील आणि कोणते ते कळत नसेल, तर परवानगी घेऊ नका, विचारा.

टॉवर नसलेल्या पट्टीवर प्रत्येक जण स्वतःच आपली जागा जाहीर करतो. क्रम असा: ठिकाणाचे नाव आणि 'ट्रॅफिक', आपला कॉलसाइन आणि विमानाचा प्रकार, कुठे आहोत, किती उंचीवर, काय करणार, कोणती धावपट्टी, आणि शेवटी पुन्हा ठिकाणाचे नाव. बाहेरून येताना १० मैलांवर, ५ मैलांवर, डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट जाणारी बाजू) शिरताना, बेसला (फायनलआधीची आडवी बाजू) वळताना, फायनलला वळताना. जमिनीवर टॅक्सी सुरू करताना, धावपट्टीत शिरताना, बाहेर पडल्यावर. गोव्याच्या अरुंद रस्त्यावर आंधळ्या वळणाला हॉर्न वाजवतो तसेच हे. हॉर्न वाजवला म्हणजे समोरच्याने ऐकला असे होत नाही. त्याच्या विमानात रेडिओच नसेल, तो चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असेल, त्याचा आवाज कमी केलेला असेल. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर तिसऱ्याला नुसती किंचाळी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना काहीच कळत नाही.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण क्विन्सीचे. १९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉय राज्य, टॉवर नाही, धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या. बीच १९०० हे १२ जणांचे प्रवासी विमान १३ वर उतरत होते. ०४ च्या टोकाला एक किंग एअर उभे आणि त्याच्या मागे एक पायपर चेरोकी. बीचने विचारले, ०४ वरचे विमान थांबणार आहे की निघणार? उत्तर आले 'होल्डिंग'. ते उत्तर चेरोकीचे होते. नेमक्या त्या क्षणी बीचच्या कॉकपिटमध्ये उंचीच्या यंत्राचा आवाज आला आणि उत्तराचा काही भाग झाकला गेला. बीचच्या वैमानिकांना वाटले, किंग एअरच थांबले. किंग एअर काही न बोलता निघाले. छेदबिंदूवर दोघे आदळले, आग लागली, दोन्ही विमानांतले १४ जण गेले.

यातून उचलायची सवय अशी: प्रश्न विचारताना नुसते 'धावपट्टीवरचे विमान' म्हणू नका, 'किंग एअर ऑन रनवे फोर' असे प्रकारासकट म्हणा. उत्तरात कॉलसाइन आला नाही तर ते उत्तर धरू नका. आणि तुमच्याबद्दल कोणी विचारत आहे असे वाटले, तुम्ही त्या रांगेत दुसरे असाल, तर 'मी मागचा' हे आधी सांगा.

ऐकलेले टिकवायचे तर पॅडवर लांबट चौकोन काढा, ती तुमची सर्किट. एका बाजूला धावपट्टी. कोणी 'डाउनविंड' म्हटले की तिथे त्याच्या कॉलसाइनची शेवटची दोन अक्षरे. पुढचा निरोप आला की खोडून पुढे सरकवा. चौकोनात तीन विमाने आहेत आणि बाहेर दोनच दिसत आहेत, तर तिसरे सापडेपर्यंत रेषा ओलांडायची नाही. एवढ्या साध्या चौकोनासारखे काम फार कमी महागड्या उपकरणांनी होते.

बराच वेळ रेडिओवर कोणाचाच आवाज नसेल तर खूश होऊ नका. आवाजाचे बटण, फ्रिक्वेन्सी, आणि रेडिओच्या पडद्यावर 'टीएक्स' किंवा 'टी' अक्षर सतत पेटलेले आहे का ते बघा. पेटलेले असेल तर तुमचे बटण अडकले आहे आणि सगळ्या सर्किटचा रेडिओ तुम्ही बंद पाडला आहे.

रेषेवरून आत

रेषेपाशी थांबताना विमान धावपट्टीला काटकोनात ठेवू नका, जागा असेल तर थोडे फायनलच्या बाजूला तिरके करा. सेसनासारख्या वरच्या पंखाच्या विमानातून बेसवरून वळणारे विमान पंखाआड जाते. तिरके उभे राहिले की ते दिसते. आधी बेस, मग फायनल, मग संपूर्ण धावपट्टी, आणि शेवटी दुसऱ्या टोकाची फायनल. वारा शांत असेल तर कोणीतरी उलट बाजूने येऊ शकते. टॉवरने परवानगी दिली असली तरी हे बघणे सुटत नाही. फ्लोरिडातल्या सारासोटाला ९ मार्च २००० रोजी सेसना १५२ आणि १७२ धावपट्टीवर आदळली आणि चौघे गेले. तिथे चूक टॉवरकडून सुरू झाली होती.

डोळे नुसते फिरवले तर काही दिसत नाही. आकाशाचे साधारण १० अंशांचे तुकडे करा आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद नजर थांबवा. जे विमान काचेवर एकाच जागी चिकटलेले दिसते आणि हळूहळू मोठे होते, तेच तुमच्यावर येत आहे. सरकताना दिसते ते जाऊ द्या. अमेरिकी विमान प्रशासनाच्या हिशेबाप्रमाणे दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात. ६५ नॉटवर येणारे सेसना तेवढ्या वेळात जवळपास ४२० मीटर पुढे येते.

शिरताना नेहमीच्या बीकन दिव्याखेरीज लँडिंग लाइट आणि स्ट्रोब (लख्ख मिचकावणारे दिवे) लावा, ट्रान्सपॉन्डर (रडारला आपली ओळख कळवणारे यंत्र) उंची दाखवण्याच्या स्थितीवर ठेवा. लाइन-अप करून उभे राहायची वेळ आली तर घड्याळ बघा. दीड मिनिटात परवानगी आली नाही तर स्वतः बोला: कॉलसाइन, धावपट्टी, 'लाइन्ड अप, वेटिंग'. टॉवर तुम्हाला विसरू शकतो. १ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसला एक छोटे मेट्रोलाइनर असेच धावपट्टीच्या मध्यावर, टॅक्सीवे येऊन मिळतो अशा एका छेदावर उभे होते. त्याच धावपट्टीवर बोईंग ७३७ ला उतरायची परवानगी मिळाली. मागून येणाऱ्याला मेट्रोलाइनरचा दिवा धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेला. ३५ जण गेले. म्हणून रात्री छेदावरून लाइन-अप मागू नका, पूर्ण लांबी घ्या, आणि उभे राहताना मध्यरेषेच्या मीटरभर बाजूला राहा म्हणजे तुमचे दिवे मध्यरेषेच्या दिव्यांत हरवणार नाहीत. धावपट्टीवर उभे असताना कानात दुसऱ्या कोणाला त्याच नंबरावर 'क्लिअर्ड टू लँड' ऐकू आले तर वाट बघू नका. लगेच बोला आणि गरज पडली तर बाजूला निघा.

फायनलवरची गर्दी

लहान विमाने एकमेकांवर बसतात ती इथे. खालच्या पंखाच्या विमानाला आपल्या खालचे दिसत नाही आणि वरच्या पंखाच्या विमानाला आपल्या वरचे दिसत नाही. पायपर वर, सेसना खाली, दोघे एकाच धावपट्टीकडे उतरत आहेत. शेवटपर्यंत कोणालाच कोणी दिसत नाही. म्हणून बेसवरून फायनलला वळण्याआधी पंख थोडा उचलून लांबच्या फायनलवर नजर टाका आणि वळल्यावर एकदा मागे-वर बघायची सवय लावा.

वेगांचा फरक लक्षात घ्या. ३ सागरी मैलांवरून सेसना ६५ नॉटने सुमारे १६६ सेकंदांत पोहोचते, जेट १४० नॉटने ७७ सेकंदांत. दोघांनीही 'थ्री माइल फायनल' म्हटले, तर मागून कोण कोणाला गाठणार हे उघड आहे. कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला १८ ऑगस्ट २०२२ रोजी हेच झाले. टॉवर नव्हता. सेसना १५२ सर्किटमध्ये होते, दोन इंजिनांचे सेसना ३४० सर्किट न करता सरळ लांबून आले, तेही साधारण १८० नॉटने. १५२ च्या वैमानिकाला मागचे विमान दिसले आणि त्याने गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढून फेरी घेणे) करतो असे सांगितलेही, पण वेळ उरला नव्हता. तिघे गेले. सरळ लांबून येणाऱ्याने मैल सांगण्याबरोबर वेळ सांगावी, 'दोन मिनिटांत फायनल', आणि सर्किटमध्ये कोणी असेल तर सरळ त्याच्या मागे जावे. नियमाप्रमाणे दोघांपैकी जो खाली असतो त्याचा हक्क आधी, पण दुसऱ्याच्या पुढे घुसण्यासाठी तो हक्क वापरता येत नाही.

समांतर धावपट्ट्या असतील तर बेसवरून वळण लांबले की शेजारच्या फायनलमध्ये शिरायला होते. १७ जुलै २०२२ रोजी नॉर्थ लास वेगासला ३० डावीची परवानगी असलेले पायपर ३० उजवीच्या फायनलवर गेले आणि सेसना १७२ ला धडकले, चौघे गेले. मध्यरेषा ओलांडली तर तीव्र वळण घेऊन परत येऊ नका, गो-अराउंड करा.

गोव्यात संध्याकाळी २६ वर उतरताना सूर्य थेट डोळ्यांत असतो, समोर समुद्राचा चकाकता पत्रा, त्यात धूसर हवा. धावपट्टीवर उभे विमान त्या चकाकीत काळा ठिपका होऊन दिसते, किंवा दिसतच नाही. काच आतून-बाहेरून पुसलेली ठेवा. टॉवरला विचारून घ्या, 'धावपट्टीवर कोणी आहे का?' आणि माणसे, वाहने, जनावरेही मोजा. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर भटका कुत्रा आल्यामुळे बेंगळुरूहून आलेले प्रवासी विमान न उतरता परत गेले.

गो-अराउंड कधी आणि कसा

२०० फुटांवर धावपट्टी पूर्ण मोकळी दिसत नसेल तर गो-अराउंड. '५० फुटांपर्यंत तो निघेल' असे म्हणत बसू नका. ३ अंशांच्या उतारावर २०० फूट म्हणजे धावपट्टीपासून सव्वाअकराशे मीटरच्या पुढे, ६५ नॉटला साधारण ३५ सेकंद. पुढच्याला बाहेर पडायला तेवढे लागतीलच.

सेसना १७२ मध्ये क्रम असा: थ्रॉटल पूर्ण, कार्ब्युरेटर असेल तर कार्ब हीट (त्याला दिलेली गरम हवा) बंद, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) २० अंशांवर, वेग मॉडेलप्रमाणे ५५ ते ६० नॉट. उंची वाढू लागली, अडथळे सुटले की फ्लॅप थोडे थोडे वर. एकदम सगळे वर घेतले तर विमान खाली बसते, खालच्या माणसावर. मग किंचित बाजूला सरका, सहसा उजवीकडे, म्हणजे धावपट्टीवरून उडणारे विमान तुमच्या डाव्या खिडकीत दिसत राहील. सरळ त्याच्या डोक्यावर चढत गेलात तर ते खालून वर येऊन तुमच्या पोटाला भिडेल. बोलणे सगळ्यात शेवटी. नवशिके आधी बटण दाबतात आणि मग थ्रॉटल, हा क्रम उलटा करा.

उतरल्यावर

टेकलो म्हणजे सुटलो असे नाही. सेसना १७२ एस चे टेकल्यानंतरचे धावणे साधारण १७५ मीटर आहे; मागचा तुमच्या पाठीवर आहे, रेंगाळू नका. पण पहिलाच फाटा पकडण्यासाठी जोरात वळून चाक घसरवूही नका. बाहेर पडताना विमानाची शेपटी तुटक-सलग रेषेपलीकडे गेली पाहिजे. विमान ८.२८ मीटर लांब आहे, म्हणजे नाक रेषेपुढे विमानाच्या पूर्ण लांबीहून जास्त जायला हवे. रेषेवर नाक पोहोचताच थांबून फ्लॅप वर घेणे, चेकलिस्ट काढणे ही फार मोठी चूक आहे. शेपटी अजून धावपट्टीच्या राखीव पट्ट्यात असते. शेपटी गेली की मग 'रनवे व्हेकेटेड'. समोर टॅक्सीवे अडला असेल तर आधीच सांगा, धावपट्टीवर अडकून राहू नका. बॅकट्रॅक (धावपट्टीवरूनच उलट जाणे) लागणार असेल तर टेकण्याआधी टॉवरला माहीत असू द्या.

टायर फुटला किंवा इंजिन बंद पडले आणि विमान धावपट्टीवरच थांबले, तर पहिले काम रेडिओ: कॉलसाइन, 'स्टॉप्ड ऑन रनवे टू सिक्स, अनेबल टू व्हेकेट'. टॉवर नसेल तर हेच दोनदा, ठिकाणाचे नाव दोन्ही टोकांना लावून. दिवे सगळे चालू ठेवा. मग मिक्श्चर (इंधन) बंद, मॅग्नेटो (ठिणगी) बंद. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडू नका. प्रवाशांना मागच्या बाजूने, पंख्यापासून लांब, धावपट्टीच्या कडेबाहेर गवतात न्या. ढकलायचे असेल तर टो-बार लावून आणि समोरच्याने तुमचे ऐकले आहे याची खात्री झाल्यावरच.

रेडिओ मेला तर टॉवर दिव्याने बोलतो. हवेत स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा, मिचकावणारा लाल म्हणजे तळ धोक्याचा, उतरू नका. जमिनीवर स्थिर लाल म्हणजे थांबा, मिचकावणारा हिरवा म्हणजे टॅक्सी करा, मिचकावणारा लाल म्हणजे धावपट्टीवरून बाजूला व्हा, मिचकावणारा पांढरा म्हणजे जिथून निघालात तिथे परत जा. हे छोट्या कागदावर लिहून सन व्हायझरला चिकटवा. गरज पडते तेव्हा आठवत नाही.

टक्कर हुकली, पण धावपट्टीत कोणी चुकून शिरले, तर ती घटना कळवायची असते, आदळले नाही तरी. पार्किंगला विमान लावल्याबरोबर, इन्स्ट्रक्टरशी बोलण्याआधी, पॅडच्या मागच्या बाजूला लिहून काढा: कुठे होतो, कोणत्या नंबरावर, कोणते शब्द ऐकले, काय परत वाचले, कोणते दिवे लागलेले होते, सूर्य कुठे होता. सर्किटचा तो चौकोन खोडू नका, त्यावर कोणते अक्षर कुठे होते तेच पुढे उपयोगी पडते. छोट्या सेसनात आवाज नोंदवणारे यंत्र नसते. आणि वेळेच्या शेजारी लिहा की ती घड्याळातली भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). टॉवरची नोंद यूटीसीत असते आणि साडेपाच तासांच्या फरकाने शोधणाऱ्याला तुमचे वाक्य टेपवर सापडत नाही.